प्रयोगशाळेतील वैद्यकीय संशोधन रुग्णापर्यंत कसे पोहोचेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘अमुक रोगावर औषध सापडले’ अशा बातम्या सतत वाचायला मिळतात. मग दवाखान्यात ते औषध का मिळत नाही?

बातमी बहुधा खोटी नसते, अर्धवट असते. मजकुरात कुठेतरी ‘उंदरांमध्ये’ किंवा ‘पेशींवर’ असा शब्द असतो आणि मथळ्यात नेमका तोच गळलेला असतो. वाचणाऱ्याच्या घरात रुग्ण असेल तर त्या एका गळलेल्या शब्दाची किंमत फार मोठी असते.

हे अंतर किती आहे याचा अंदाज २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावरून येतो. १९७९ ते १९८३ या काळात मूलभूत विज्ञानाच्या सहा अग्रगण्य नियतकालिकांत छापून आलेले आणि ‘यातून उपचार निघू शकेल’ असे लेखकांनी स्वतःच म्हटलेले १०१ शोधनिबंध निवडून, पुढे त्यांचे काय झाले हे त्यात तपासले होते. जवळजवळ वीस वर्षांनंतरही त्यांपैकी केवळ २७ शोधांवर माणसांमध्ये यादृच्छिक गट पाडून केलेली चाचणी प्रसिद्ध झाली होती, पाच शोधांना वापराचा परवाना मिळाला होता आणि मोठ्या प्रमाणावर वापरात आलेला उपचार एकच होता. हे निबंध सुमार नियतकालिकांतले नव्हते, ही बाब येथे विसरून चालणार नाही.

शोधापासून उपचारापर्यंत सरासरी १७ वर्षे लागतात, असेही नेहमी सांगितले जाते. हा आकडा सरासरीचा आहे आणि मोजणी कोणत्या दिवसापासून सुरू करायची यावर तो बराच अवलंबून असतो. मात्र उशिराइतकाच, किंबहुना त्याहून मोठा, प्रश्न निष्फळतेचा आहे. निघालेल्या बहुतेक गोष्टी उशिरा पोहोचत नाहीत, त्या पोहोचतच नाहीत. आणि का पोहोचत नाहीत याची कारणे बहुधा अगदी पहिल्या प्रयोगातच दडलेली असतात.

मधले टप्पे कोणते?

प्रथम रोगाची यंत्रणा समजते, मग पेशींवर आणि प्राण्यांवर प्रयोग होतात, विषारीपणाची तपासणी होते आणि त्यानंतर माणसांवरील चाचण्या सुरू होतात. पहिल्या टप्प्यात थोड्या व्यक्तींमध्ये सुरक्षितता आणि मात्रा पाहिली जाते, दुसऱ्या टप्प्यात काही शे रुग्णांमध्ये गुण येतो का हे पाहिले जाते आणि तिसऱ्या टप्प्यात शेकडो ते हजारो रुग्णांमध्ये सध्याच्या उपचाराशी तुलना होते. भारतात यासाठी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची परवानगी आणि प्रत्येक रुग्णालयाच्या नैतिकता समितीची मान्यता लागते.

माणसांवरील पहिल्या टप्प्यात पाऊल टाकलेल्या दर दहा औषधांपैकी साधारण एकच बाजारात येते. सर्वांत मोठी गळती दुसऱ्या टप्प्यात होते, म्हणजे औषध सुरक्षित ठरते पण गुणच येत नाही. प्रयोगशाळेत ज्या गोष्टीची खात्री पटली होती, तीच येथे उघडी पडते.

उंदराला गुण आला, मग माणसाला का येत नाही?

उंदीर आणि माणूस यांच्या शरीरात फरक आहे, हे उत्तर खरे असले तरी सोयीचे आहे. त्यामुळे दोष निसर्गावर ढकलता येतो. पक्षाघाताच्या संशोधनाचा इतिहास पाहिला तर दोषाचा बराच वाटा प्रयोगाच्या मांडणीकडे जातो.

मेंदूचा रक्तपुरवठा अडल्यावर चेतापेशी वाचवणारी औषधे शोधण्याचे प्रयत्न कित्येक दशके चालले. २००६ साली झालेल्या एका मोजणीत असे १,०२६ उपाय आढळले. त्यांपैकी ११४ माणसांमध्ये वापरून पाहिले गेले होते. प्राण्यांमध्ये उत्तम ठरलेल्या या चेतारक्षक औषधांपैकी एकही रुग्णांमध्ये ठामपणे सिद्ध झाले नाही. एनएक्सवाय-०५९ हे त्यांतले बहुचर्चित औषध. प्राण्यांवरील प्रयोग कसे असावेत याचे जे निकष तज्ज्ञांनी १९९९ मध्ये ठरवले होते, ते या औषधाने बहुतांशी पूर्ण केले आहेत असे मानले जात होते. २००६ मध्ये माणसांवरील पहिल्या मोठ्या चाचणीत थोडा फायदा दिसला. पाठोपाठ तीन हजारांहून अधिक रुग्णांवर दुसरी चाचणी झाली आणि २००७ मध्ये तिचा निकाल पूर्ण नकारात्मक आला.

त्यानंतर जुन्या प्रयोगांची फेरतपासणी झाली. ज्या प्रयोगांत प्राण्यांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडले नव्हते, किंवा मेंदूतील इजा मोजणाऱ्या व्यक्तीला कोणत्या प्राण्याला औषध मिळाले आहे हे ठाऊक होते, त्या प्रयोगांत औषधाचा गुण फुगून दिसत होता. जेथे ही काळजी घेतली होती, तेथे तो बराच कमी होता.

प्रयोगातला ‘रुग्ण’ कोण होता हेही पाहिले पाहिजे. प्रयोगशाळेतला उंदीर तरुण, निरोगी, बहुधा नर, एकाच वाणाचा आणि मोजून दाणापाणी मिळणारा असतो. त्याच्या मेंदूची धमनी ठरलेल्या मिनिटाला बारीक धागा सरकवून बंद केली जाते आणि पुष्कळदा अर्ध्या-पाऊण तासातच औषध टोचले जाते. आता आपल्याकडचा रुग्ण पाहा. वय सत्तरीच्या आसपास, पंधरा-वीस वर्षांचा मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या अधूनमधून बंद. पहाटे उठताना हात उचलत नाही हे घरच्यांच्या लक्षात येते, तालुक्याच्या गावी सीटी स्कॅनची सोय नसते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत दुपार होते. अर्ध्या तासात दिलेल्या औषधाचा निष्कर्ष या रुग्णाला लागू करणे म्हणजे उत्तरपत्रिका एका विषयाची आणि प्रश्नपत्रिका दुसऱ्या विषयाची.

उंदरांच्या बाबतीत कोणत्या बारीक गोष्टींनी फरक पडतो याला सीमा नाही. पिंजरा हाताळणारी व्यक्ती पुरुष असेल तर तिच्या वासाच्या ताणाने उंदरांची वेदनेची प्रतिक्रिया मंदावते, असे २०१४ मध्ये कॅनडातील संशोधकांनी दाखवून दिले. वेदनाशामकांच्या जुन्या प्रयोगांकडे त्यानंतर थोड्या वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

मग प्राण्यांवरील प्रयोग बंदच का करू नयेत?

काही प्रयोग खरोखर बंद करता येतील आणि करावेत. सरसकट बंद करण्याइतके पर्याय अद्याप हाती नाहीत. मात्र प्राण्यांनी दिलेला हिरवा कंदील किती फसवा असू शकतो याचे उदाहरण मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात घडले. टीजीएन१४१२ हे प्रतिपिंड सहा निरोगी स्वयंसेवकांना टोचण्यात आले. ही मात्रा माकडांमध्ये सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्श्याइतकी होती. तरीही दीड तासाच्या आतच त्यांना त्रास सुरू झाला आणि प्रतिकारशक्तीच्या रसायनांचा लोंढा उसळून सहाही जणांचे अवयव निकामी होऊ लागले. सगळे वाचले, पण काहींना कायमची इजा झाली. माणसाच्या प्रतिकारशक्तीतील ज्या स्मृती टी-पेशींवर या प्रतिपिंडाचे लक्ष्य असते, माकडाच्या तशाच पेशींवर ते लक्ष्य नसते, हे नंतर उलगडले.

या घटनेतून नियम बदलले. पहिली मात्रा ठरवताना आता ‘प्राण्याला किती सोसले’ याबरोबर ‘माणसाच्या पेशींवर किमान किती मात्रेने परिणाम सुरू होतो’ हेही पाहिले जाते आणि सर्वांना एकापाठोपाठ औषध न देता आधी एकाला देऊन थांबले जाते. हे दोन्ही उपाय साधे आहेत आणि दोन्ही आधीही सुचू शकले असते.

पर्यायांच्या बाजूने कायदाही सरकला आहे. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती काढून टाकली आणि भारतानेही २०२३ मध्ये नवी औषधे व चिकित्सकीय चाचण्या नियमांत दुरुस्ती करून मानवी पेशींपासून वाढवलेले सूक्ष्म अवयव, चिपवरील अवयव (म्हणजे लहानशा चिपवर मानवी पेशी वाढवून केलेली अवयवाची नक्कल) आणि संगणकीय प्रारूपे यांना वाट मोकळी केली. या साधनांनी यकृताला होणाऱ्या इजेसारख्या प्रश्नांची उत्तरे मिळू लागली आहेत. वार्धक्य, गर्भारपण किंवा एकाच वेळी चार आजार असलेले शरीर मात्र चिपवर उभे करता येत नाही.

प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांवर तरी विश्वास ठेवायचा की नाही?

एका निबंधावर ठेवू नये. अ‍ॅम्जेन या औषधकंपनीच्या शास्त्रज्ञांनी कर्करोगाच्या क्षेत्रातील ५३ महत्त्वाचे प्रयोग पुन्हा करून पाहिले आणि त्यांपैकी सहाच जमले, असे २०१२ मध्ये जाहीर झाले. कंपनीने त्या ५३ निबंधांची नावे दिली नाहीत, त्यामुळे हा दावा इतरांना तपासता येत नाही, ही टीका रास्त आहे. पण नंतर उघडपणे केलेल्या एका प्रकल्पाचे चित्रही फारसे दिलासा देणारे नव्हते. कर्करोगाच्या ५३ निबंधांतील १९३ प्रयोग पुन्हा करण्याचे त्या प्रकल्पाने योजले होते. २०२१ मध्ये काम संपले तेव्हा २३ निबंधांतील ५० प्रयोगच पूर्ण होऊ शकले होते. मूळ निबंधांत प्रयोगाची कृतीच पुरेशी लिहिलेली नव्हती, हे त्याचे एक मुख्य कारण. जे प्रयोग झाले, त्यांत आढळलेला परिणाम मूळच्या तुलनेत मध्यकाने ८५ टक्के लहान होता.

यात लबाडी क्वचित असते. नमुने थोडे, निकाल चांगला आला की तेथेच थांबायचे, वाईट आला की ‘काहीतरी चुकले असेल’ म्हणून पुन्हा करायचा, आणि नकारात्मक निकाल कपाटात ठेवायचा, या सवयींनी प्रामाणिक माणसाचेही निष्कर्ष वाहवत जातात. कधी कधी तर हातातल्या पेशीच भलत्या असतात. एमडीए-एमबी-४३५ या नावाच्या पेशी स्तनांच्या कर्करोगाच्या म्हणून जगभर वर्षानुवर्षे वापरल्या गेल्या आणि जनुकीय तपासणीत त्या मेलेनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या निघाल्या. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशींचे राष्ट्रीय भांडार आहे आणि पेशींची डीएनए ओळख पटवून देण्याची सोयही तेथे आहे. शेजारच्या प्रयोगशाळेतून मैत्रीखातर मागून आणलेल्या नळीवर तीन वर्षांची पीएचडी उभारण्यापूर्वी ही तपासणी करून घ्यावी. तिचा खर्च त्या तीन वर्षांपुढे काहीच नाही.

पैसा मधल्या टप्प्यातच का आटतो?

शोध लागेपर्यंतचा खर्च सरकारी अनुदानातून भागतो आणि दुसऱ्या टप्प्यातील निकाल चांगले दिसले की कंपन्या पुढे येतात. या दोहोंच्या मधले काम, म्हणजे औषध शुद्ध स्वरूपात आणि दर वेळी सारखेच बनवणे, विषारीपणाच्या प्रमाणित तपासण्या, नियामकाला द्यायची कागदपत्रे, यांना कोणी वाली नसतो. या कामातून मोठा शोधनिबंध निघत नाही म्हणून प्राध्यापकाला बढती मिळत नाही, आणि जोखीम फार म्हणून गुंतवणूकदार हात आखडता घेतो.

जैवतंत्रज्ञान क्षेत्रासाठी केंद्र सरकारने २०१२ मध्ये स्थापन केलेली बायरॅक ही संस्था या जागेसाठीच आहे. पहिल्या टप्प्याच्या चाचण्या देशातच व्हाव्यात म्हणून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, उभारलेल्या केंद्रांच्या जाळ्यात मुंबईचे केईएम रुग्णालय आणि टाटा मेमोरियलचे खारघरमधील कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक ही महाराष्ट्रातली दोन ठिकाणे आहेत. ही सुरुवात योग्य दिशेची आहे. अनुदान वेळेवर हाती पडणे हा मात्र स्वतंत्र विषय आहे आणि त्याबद्दल कोणत्याही संशोधकाला विचारले तर चहा थंड होईपर्यंत उत्तर संपत नाही.

भारतात ही पूर्ण वाट चालून गेलेले एखादे उदाहरण आहे का?

आहे, आणि ते मुंबईचे आहे. कार टी-पेशी उपचारात रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी काढून, कर्करोगाच्या पेशी ओळखण्याचे जनुक त्यांत घालून, त्या परत त्याच्या शरीरात सोडतात. अमेरिकेत २०१७ मध्ये या उपचाराला पहिली मान्यता मिळाली, पण त्याचा खर्च तीन-चार कोटी रुपयांच्या घरात होता. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. राहुल पुरवार यांच्या गटाने हा उपचार देशातच घडवण्याचे काम हाती घेतले आणि टाटा मेमोरियल सेंटरमधील डॉ. गौरव नरुला व डॉ. हसमुख जैन यांच्यासारखे रुग्ण तपासणारे डॉक्टर त्यात सहभागी झाले. जून २०२१ मध्ये खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये पहिल्या रुग्णाला हा उपचार मिळाला, ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने त्याला मान्यता दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ‘नेक्सकार१९’ या नावाने त्याचे लोकार्पण झाले. किंमत परदेशातील उपचाराच्या साधारण दहाव्या हिश्श्यात आली.

या उपचाराची प्रत्यक्ष कृती पाहिली की मधला टप्पा म्हणजे काय हे कळते. रुग्ण काही तास यंत्राला जोडलेला असतो. एका हातातून रक्त बाहेर येते, पांढऱ्या पेशी वेगळ्या होतात आणि उरलेले रक्त शरीरात परत जाते. ती पिशवी निर्जंतुक कक्षात जाते. तेथे टी-पेशी जाग्या केल्या जातात, निरुपद्रवी केलेल्या लेंटिव्हायरसच्या वाहकातून नवे जनुक त्यांत शिरवले जाते आणि आठवडाभराहून अधिक काळ त्या वाढवल्या जातात. मग त्या गोठवून, जंतुसंसर्ग नाही ना याची तपासणी पूर्ण होईपर्यंत ठेवल्या जातात. रुग्णाला दोन-तीन दिवस हलकी केमोथेरपी देऊन जागा करून घेतली जाते आणि मग पिशवी वितळवून सलाइनसारखी शिरेतून सोडली जाते. सोडायला लागतात काही मिनिटे. त्यानंतरचे दिवस खरे कसोटीचे असतात, कारण ताप चढतो, रक्तदाब उतरतो आणि हे औषधाचे काम आहे की जंतुसंसर्ग आहे हे खाटेशेजारी उभ्या असलेल्या निवासी डॉक्टरला रात्री दोन वाजता ठरवावे लागते.

या साखळीतला व्हायरसचा वाहक परदेशातून आणला तर खर्च आवाक्याबाहेर जातो. तो येथेच बनवणे हा किंमत उतरण्याचा एक मोठा भाग होता. पेशींना कर्करोग ओळखायला लावणारा तुकडाही उंदराच्या प्रतिपिंडावरून जसाच्या तसा न घेता माणसाच्या प्रथिनाशी मिळताजुळता केला गेला. आपल्याकडे अतिदक्षता विभागाच्या खाटा मोजक्या, म्हणून दुष्परिणाम कमी ठेवणे ही सोय नसून अट होती. पहिल्या दोन टप्प्यांचे ६४ रुग्णांवरील निकाल २०२५ मध्ये लॅन्सेट हिमॅटोलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्यांच्यात परिणाम मोजता आला त्यांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांमध्ये प्रतिसाद दिसला. प्रतिसाद म्हणजे बरे होणे नव्हे, आणि चाळीस लाखांच्या आसपासची रक्कम मध्यमवर्गीय कुटुंबालाही परवडत नाही, या दोन गोष्टी कौतुक करतानाही विसरू नयेत.

किंमत हा संशोधनाचा विषय आहे की बाजाराचा?

किंमत शेवटी ठरते असे आपण मानतो, आणि येथेच बहुतेक प्रकल्प फसतात. उलट वाटेने गेलेले एक उदाहरण पुण्याशी जोडलेले आहे. आफ्रिकेच्या सहाराखालील पट्ट्यात १९९६-९७ मध्ये मेंदूज्वराची साथ येऊन अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि सुमारे पंचवीस हजार दगावले. तेथील आरोग्य अधिकाऱ्यांनी आधीच सांगितले, की लस अर्ध्या डॉलरपेक्षा महाग असेल तर आम्हांला तिचा उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही संस्था यांनी ही मर्यादा धरूनच उत्पादक शोधला. लशीचे दोन घटक जोडण्याची पद्धत एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या प्रयोगशाळेतली होती आणि ती शिकून लस बनवली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोमध्ये ‘मेनआफ्रिव्हॅक’ देण्यास सुरुवात झाली आणि जेथे जेथे ती पोहोचली तेथून ‘अ’ गटाच्या मेंदूज्वराच्या साथी जवळजवळ नाहीशा झाल्या.

यातली जोडणीची पद्धत नवलाईची नव्हती. शेवटचा खरेदीदार पहिल्या बैठकीत बसलेला होता, एवढाच फरक होता.

नवा रेणू शोधल्याशिवाय उपचार सुधारता येतात का?

येतात, आणि आपल्यासारख्या देशाने या बाजूला अधिक वजन द्यावे असे आमचे मत आहे. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातील ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, स्तनांच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया सुरू करण्याआधी गाठीभोवती लिडोकेन हे भूल देण्याचे साधे औषध टोचले गेले. कर्करोगाच्या पेशींवरही सोडियमच्या वाहिन्या असतात आणि लिडोकेन त्या बंद करते, हे प्रयोगशाळेतून आलेले ज्ञान. शस्त्रक्रियेच्या क्षणी पेशी पसरू नयेत म्हणून ते वापरायचे, ही शल्यविशारदाला सुचलेली गोष्ट. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले. हे निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि या इंजेक्शनचा खर्च शंभर रुपयांच्याही आत आहे.

मुंबईतच डोके व मानेच्या प्रगत कर्करोगात निव्होलुमॅब हे महागडे औषध नेहमीच्या मात्रेच्या अगदी लहान अंशाने, म्हणजे तीन आठवड्यांतून एकदा २० मिलिग्रॅम, तोंडाने घ्यायच्या औषधांच्या जोडीला देऊन पाहिले गेले. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्के झाले. औषधाचा खप कमी करणारी चाचणी कोणती कंपनी कशाला करील? म्हणूनच अशा चाचण्यांना सार्वजनिक पैसा लागतो. तंबाखूमुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण रोज ज्यांच्या ओपीडीत रांग लावतात, त्यांनीच हा प्रश्न विचारावा हे साहजिक होते.

उपचार मान्य झाला की काम संपते का?

नाही. मीठ आणि साखर यांचे शोषण आतड्यात एकत्र होते, हे रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये मांडले. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधील बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांतून मीठ-साखरेचे पाणी नातेवाइकांच्या हाती दिले. मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आले. एवढे होऊनही डॉक्टर मंडळींचा विश्वास बसायला कित्येक वर्षे गेली, कारण इतका साधा उपाय प्रतिष्ठेचा वाटत नव्हता.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने याच शेवटच्या टप्प्यावर संशोधन केले. नवजात बाळाचा जंतुदोष कोणत्या प्रतिजैविकाने बरा होतो हे आधीच ठाऊक होते. ते औषध बाळंतपण घरात होणाऱ्या गावात कोण देणार, हे ठाऊक नव्हते. गावातल्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवून, बाळाचे वजन करणे, ऊब देणे, श्वास अडला तर मदत करणे आणि गरज पडल्यास इंजेक्शन देणे हे काम त्यांच्याकडे सोपवले गेले. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला, हे १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले आणि आशा कार्यकर्तींमार्फत घरोघरी नवजात बालकांची काळजी हा राष्ट्रीय कार्यक्रम २०११ मध्ये आला. बारा वर्षे. तीही पुरावा हातात असताना.

डॉक्टर संशोधनात का उतरत नाहीत?

सकाळी नऊला सुरू झालेली ओपीडी दुपारी तीनला संपत असेल तर प्रयोगशाळेत जायचे केव्हा, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. एमडी-एमएससाठी प्रबंध सक्तीचा आहे, पण एका रुग्णालयातील पन्नास-साठ रुग्णांवर, दीड वर्षात, मार्गदर्शकाच्या सोयीने केलेल्या बहुतेक प्रबंधांतून कोणताही प्रश्न सुटत नाही. राज्यातल्या दहा वैद्यकीय महाविद्यालयांनी एकच प्रश्न आणि एकच नमुना अर्ज ठरवून प्रबंध वाटून घेतले, तर तेवढ्याच श्रमांत सहाशे रुग्णांचा उपयुक्त अभ्यास उभा राहील. यासाठी नवा निधीही फारसा लागत नाही. खेरीज, ज्या डॉक्टरला संशोधन करायचे आहे त्याच्या आठवड्यातील दोन दिवस रुग्णसेवेतून कागदोपत्री मोकळे केले पाहिजेत. सवडीने करा असे म्हटले की ते होत नाही.

एकच सुधारणा निवडायची झाली तर कोणती निवडाल?

प्राण्यांवरील ज्या प्रयोगाच्या जोरावर माणसांवरील चाचणीची परवानगी मागायची, त्याची आगाऊ नोंदणी आणि निकाल काहीही आला तरी प्रसिद्धी. माणसांवरील चाचण्यांच्या बाबतीत हे तत्त्व आपण स्वीकारले आहे: भारताची चाचणी नोंदवही, सीटीआरआय, २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून तेथे नोंदणी सक्तीची आहे. प्राण्यांच्या प्रयोगांसाठी जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये अशा नोंदवह्या आहेत, पण त्या ऐच्छिक आहेत. किती उंदीर, गट कसे पाडणार, मोजणाऱ्याला काय ठाऊक असेल, यश कशाला म्हणणार, एवढे प्रयोगाआधी तारखेनिशी लिहून ठेवले तर पक्षाघाताच्या औषधांसारखी फरपट बरीच टळेल. याला शास्त्रज्ञांचा विरोध कल्पना चोरीला जाण्याच्या भीतीने असतो. नोंद काही काळ गोपनीय ठेवण्याची सोय देऊन ती भीती दूर करता येते.

माझ्या नातेवाइकाला अशा चाचणीत सामील व्हायचे आहे. काय पाहावे?

प्रथम ती चाचणी सीटीआरआयवर नोंदलेली आहे का हे पाहावे. तेथे रोगाच्या नावाने शोध घेता येतो आणि कोणत्या रुग्णालयात, कोणत्या टप्प्याची चाचणी आहे हे विनामूल्य दिसते. संमतीपत्र मराठीत मागून घ्यावे, घरी नेऊन वाचावे आणि तुलनेच्या गटात गेल्यास काय मिळेल हे स्पष्ट विचारावे. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि नुकसानभरपाई यांचा हक्क आहे, तसेच कारण न देता केव्हाही बाहेर पडता येते.

संशोधन रुग्णापर्यंत उशिरा पोहोचते हे जितके खरे, तितकेच काही गोष्टी फार लवकर पोहोचतात हेही खरे. मतिमंदत्व, स्वमग्नता, मज्जारज्जूची इजा, गुडघेदुखी अशा अनेक तक्रारींवर ‘स्टेम सेल’ उपचाराच्या जाहिराती केल्या जातात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांवरील अस्थिमज्जा प्रत्यारोपणासारखे मान्य उपयोग वगळता स्टेम सेलचा वापर केवळ नोंदलेल्या चाचणीतच करता येतो आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. तेव्हा कोणी ‘प्रायोगिक उपचार’ असे म्हणून लाखांचे पॅकेज पुढे ठेवले, तर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक आणि नैतिकता समितीच्या मंजुरीचे पत्र मागावे. दोन्ही दाखवायला टाळाटाळ झाली, तर पैसे न भरता उठावे.